एमडीनंतरचं आणखी एक वर्ष

पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरी मागे पडली की मोशी लागते, आणि इंद्रायणीचा पूल ओलांडला की चाकणचा पट्टा सुरू होतो. या भागातल्या कुठल्याही बऱ्यापैकी रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात रात्रपाळीला बसलेल्या डॉक्टरसमोर काय काय येऊ शकतं ते पाहा. उभ्या कंटेनरला मागून धडकलेला दुचाकीस्वार. पॉवर प्रेसखाली दोन बोटं गेलेला कंत्राटी कामगार आणि ती बोटं रुमालात गुंडाळून आणणारा त्याचा जोडीदार. तापात आकडी आलेलं दीड वर्षाचं मूल. खेड तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर गवत कापताना घोणस चावलेली बाई. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेला आणि दार फोडून बाहेर काढलेला तरुण. आणि ‘ॲसिडिटी झालीय, एक इंजेक्शन द्या’ म्हणत आलेला, घामाने निथळणारा शिफ्ट इनचार्ज; त्याला खरं तर हार्ट अटॅक आलेला असतो.

या सगळ्यांना दार एकच. आतल्या डॉक्टरला यातलं प्रत्येक दुखणं निदान पहिल्या तासापुरतं तरी यावंच लागतं. ते शिकवणारी तीन वर्षांची एमडी इमर्जन्सी मेडिसिन ही पदवी आता पुष्कळांनी ऐकलेली आहे, पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयातही ती मिळते. तिच्यापुढे काय, हे मात्र डॉक्टरांच्या घरातही नीट ठाऊक नसतं. एमडी झालेली मुलगी ‘आता फेलोशिप करणार’ म्हणाली, की आईवडिलांना एवढंच कळतं की शिक्षण अजून संपलेलं नाही आणि लग्नाचा विषय आणखी एक वर्ष पुढे गेला.

मुळात ही शाखाच नवी. जुन्या कॅज्युअल्टीत स्वतःचा असा तज्ज्ञ नसायचा. सीएमओ नावाचा एक एमबीबीएस डॉक्टर नोंद करायचा, सलाइन लावायचा आणि ‘सर्जनला कॉल गेलाय’ म्हणून थांबायचा. या जागेला पूर्णवेळ शिकलेला माणूस हवा, हे अमेरिकेतही साठच्या दशकानंतरच पटलं. सिनसिनाटी विद्यापीठात १९७० साली ब्रूस जॅनिएक हे या विषयाचे पहिले निवासी डॉक्टर झाले. १९७९मध्ये तिथे ही स्वतंत्र शाखा मानली गेली. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलने २००९च्या जुलैत मान्यता दिली आणि २०१३पासून डीएनबीही सुरू झाली. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२०च्या नियमांत वैद्यकीय महाविद्यालयांना हा विभाग सक्तीचा केला आणि २०२३च्या नियमांत सक्तीच्या विभागांच्या यादीतून त्याचं नाव काढून टाकलं. डॉक्टरांच्या संघटनांनी त्यावर बरीच ओरड केली. ज्या शाखेचं घरच असं डळमळतं, तिच्या वरच्या मजल्याबद्दल लिहायचं म्हणजे थोडं धाडसच. पण मोशी-चाकणसारख्या पट्ट्याला त्या वरच्या मजल्याची गरज जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि ते सांगायला सुरुवात सापापासून करावी लागेल.

पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, ज्याला सगळे वायसीएम म्हणतात. डी. वाय. पाटीलही त्याच भागात. आणि तिथेच हाफकिन महामंडळाचा विभाग आहे, जिथे घोड्यांना सापाचं विष अगदी थोड्या थोड्या मात्रेत टोचून त्यांच्या रक्तापासून प्रतिविष बनवतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालणारं ते औषध. म्हणजे औषध, रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. तरी घोणस चावलेल्या बाईचं पुढे काय होणार, ते या तिन्हींवर कमी आणि तिला पहिल्यांदा पाहणारा डॉक्टर काय करतो यावर जास्त ठरतं.

तो काय करतो? घोणशीचं विष रक्त गोठण्याची क्रियाच मोडून टाकतं. ते ओळखायला लागते एक काचेची नळी. नवी, कोरडी, स्वच्छ. तिच्यात शिरेतलं दोन मिली रक्त घ्यायचं, नळी टेबलावर उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर ती जागची हलत नाही. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष आत पसरलंय आणि प्रतिविष ताबडतोब सुरू करायचं. यात चुका कुठे होतात पाहा. नळी प्लॅस्टिकची असते. त्यात रक्त गोठायला उशीर होतो आणि नसलेलं विष दिसतं. नळी साबणाने धुतलेली असते, पुन्हा तेच. अकराव्या मिनिटाला कोणीतरी उत्सुकतेने ती हलवून बघतं. आणि मण्यार चावली असेल तर ही चाचणी चांगली येते, कारण मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं. तिथे नळीपेक्षा पापण्यांकडे बघावं लागतं. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला आणि त्याच्या पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, की दंशाची खूण सापडली नाही तरी मण्यार समजायची आणि श्वासाची नळी तयार ठेवायची.

असं ज्ञान महाराष्ट्रात कसं तयार झालं, ती गोष्ट फेलोशिपच्या विषयाला फार जवळची आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६च्या सुमारास रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला तांबडा विंचू चावला की धडधाकट माणसं आणि मुलं घाम फुटून, हातपाय गार पडून, फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्ररात्र बसून लक्षणांचा क्रम टिपत राहिले. १९८२मध्ये त्यांचं निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं आणि १९८६मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पूर्वी शंभरातले तीसेक दगावत, ते प्रमाण एक-दोनांवर आलं. महाडमध्ये त्यांचं काम चालू राहिलं; २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याच नाशिक रस्त्यावर पुढे नारायणगावला डॉ. सदानंद राऊत सर्पदंशाच्या रुग्णांसाठी असंच वर्षानुवर्षं उभे आहेत.

या दोघांपैकी कोणाकडेही ‘विषबाधा-तज्ज्ञ’ असं पद नव्हतं. गरज पडली तसं ते शिकले. अडचण अशी की असं ज्ञान त्या माणसाच्या हातात राहतं. शोधनिबंध वाचून प्राझोसिनची मात्रा कळते; पण चौथ्या तासाला मुलाची नाडी बघून ‘आता आणखी देऊ नकोस, थांब’ म्हणणं वाचून येत नाही. त्यासाठी त्याच्या शेजारी वर्षभर उभं राहावं लागतं. फेलोशिप म्हणजे ते शेजारी उभं राहणं, पगारासह आणि ठरवलेल्या अभ्यासक्रमासह. अमेरिकेत वैद्यकीय विषशास्त्राला १९९२मध्ये उपशाखा म्हणून मान्यता मिळाली आणि तिची फेलोशिप दोन वर्षांची असते. फेलो विभागातला रुग्ण तर पाहतोच, शिवाय विषबाधेच्या मदतफोनवर बसतो आणि शंभर मैलांवरच्या डॉक्टरला सल्ला देतो. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये १९९५पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. २०१७मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा ही उपशाखा चैनीची नाही हे महाराष्ट्राला कळायला हरकत नव्हती.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत विषाचे प्रकार आणखी वेगळे. स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग झालं की सांध्यावरचा काळपटपणा घालवायला पिकलिंग पेस्ट लावतात. तिच्यात नायट्रिक ॲसिडबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिडही असतं. हातमोजा फाटका असेल आणि ती बोटाला लागली, तर सुरुवातीला विशेष काही दिसत नाही. कामगार हात धुतो, पाळी संपवतो, घरी जातो. रात्री बोट असह्य ठणकायला लागतं, तरी कातडी जेमतेम लालसर. नवखा डॉक्टर वेदनाशामक देऊन परत पाठवेल. आत मात्र ते ॲसिड ऊतींमध्ये उतरत उतरत कॅल्शियम शोषून घेत असतं. लागलेला भाग मोठा असेल तर रक्तातलंच कॅल्शियम घसरून हृदय बंद पडू शकतं. उपाय साधा आहे: कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल, बोटावर चोळून वर हातमोजा घालायचा. पण त्यासाठी आधी विचारायला सुचलं पाहिजे, ‘दादा, आज कंपनीत नेमकं काय काम केलं?’ विषशास्त्राच्या फेलोला हा प्रश्न अंगवळणी पडेपर्यंत घोटवून घेतात. एखादा फेलो महिन्यातले दोन दिवस कुरुळी-निघोजेच्या शेडमध्ये जाऊन डब्यांवरची लेबलं वाचत बसला, तर तेही शिक्षणच.

आता रुग्णवाहिकेकडे येऊ. माझ्या मते आपल्या पट्ट्यासाठी पहिली फेलोशिप याच विषयाची हवी.

महाराष्ट्राची १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ला सुरू झाली. मूळ आराखड्यात ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ व्हेंटिलेटरसारख्या साधनांनी सज्ज, बाकी ७०४ प्राथमिक उपचारांच्या. सगळ्या राज्याचे फोन पुण्यातल्या औंधच्या नियंत्रण कक्षात येतात. ती चालवायला घेतली चिंचवडच्या बीव्हीजी कंपनीने. आणि देशात फार थोड्या ठिकाणी आढळणारी एक गोष्ट इथे आहे: गाडीत डॉक्टर असतो. बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस, वर आपत्कालीन सेवेचं प्रशिक्षण घेतलेला. अशा डॉक्टरांसाठी पुण्यात सिम्बायोसिसचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही पूर्वीपासून आहे.

अमेरिकेत रुग्णवाहिकेत डॉक्टर नसतो, पॅरामेडिक असतो. पण त्या प्रत्येक सेवेला एक वैद्यकीय संचालक असावा लागतो आणि पॅरामेडिक जे करतो ते त्याच्या जबाबदारीवर करतो. हे जुळून कसं आलं, त्यातही एक फेलोच आहे. पिट्सबर्गमध्ये १९६७ साली फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा निघाली. कामावर घेतलेली माणसं त्या शहरातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतली, बरीचशी बेरोजगार. शिकवणारे पीटर साफार, ज्यांनी सीपीआरची आजची पद्धत घडवली. १९७४मध्ये नॅन्सी कॅरोलिन ही तरुण डॉक्टर साफार यांच्याकडे अतिदक्षतेची फेलोशिप करायला आली. त्यांनी तिला फ्रीडम हाउसची जबाबदारी दिली. तिने गाडीत बसून, रस्त्यावर उतरून त्या माणसांना शिकवलं आणि शिकवता शिकवता जो अभ्यासक्रम लिहिला, तो पुढे अमेरिकेतल्या पॅरामेडिक प्रशिक्षणाचा पाया झाला. सेवा मात्र १९७५मध्ये शहराने बंद केली. तरी या उपशाखेला अमेरिकेत औपचारिक मान्यता मिळायला २०१० साल उजाडलं. ब्रिटनने रुग्णालयाबाहेरच्या आपत्कालीन वैद्यकाला २०११मध्ये मान्यता दिली.

आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. गाडीत डॉक्टर आहे, पण त्याने रस्त्यावर केलेल्या उपचाराचा कागद दुसऱ्या दिवशी कोण वाचतं? मोशीच्या चौकातून उचललेल्या माणसाला ऑक्सिजन लावला होता का, पट्टा बांधून रक्त थांबवलं का, आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या वायसीएमला न्यायचं की मेंदूचा सर्जन रात्री हजर असलेल्या ठिकाणी थेट न्यायचं, हा निर्णय कशावरून घेतला? जवळचं रुग्णालय आणि योग्य रुग्णालय यांत या रस्त्यावर कधी कधी एका तासाचा फरक पडतो, कारण मधे ट्रॅफिक आहे. चुकीच्या दारात उतरवलेला रुग्ण पुन्हा गाडीत घालून पुढच्या दारात न्यायचा, यात गेलेला वेळ परत मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आलीय: जबर इजेनंतरचा पहिला तास. कायद्याने तास मोजला. तो वापरायचा कसा, हे कोणीतरी आखून द्यायला हवं.

या विषयाचा फेलो वर्षभर नेमकं तेच करतो. काही दिवस गाडीत, काही नियंत्रण कक्षात हेडफोन लावून. फोनवर ‘माणूस घोरतोय, पण उठत नाही’ असं ऐकलं, की ते घोरणं नसून हृदय थांबल्यावरचे अखेरचे श्वास असू शकतात, हे ओळखायला तो कॉल घेणाऱ्यांना शिकवतो आणि ‘छातीवर दाब द्यायला सुरुवात करा, मी मोजतो’ असं सांगायला लावतो. मग आठवड्याची कागदपत्रं काढून बसतो: कोणत्या केसमध्ये गाडी जागेवरच वीस मिनिटं का थांबली, इंजेक्शनची मात्रा कशी ठरवली. त्यावरून उपचारांचे नियम लिहितो, ते गाडीतल्या डॉक्टरांपुढे मांडतो, त्यांच्याकडून चार बोल ऐकतो आणि पुन्हा लिहितो. यात सायरनचा थरार फारसा नाही. बराचसा भाग कारकुनी वाटेल असा आहे, आणि म्हणूनच आवड नसलेल्या माणसाने त्यात पडू नये.

सोनोग्राफीची फेलोशिप तरुण डॉक्टरांत सगळ्यात लोकप्रिय, आणि का, ते एकदा बघितलं की कळतं. अपघाताचा रुग्ण आला, पोट थोडं फुगलंय, रक्तदाब घसरतोय. सीटी स्कॅनला न्यायचं म्हटलं तर वाटेतच जायचा. इमर्जन्सीचा डॉक्टर प्रोब उजव्या बरगड्यांखाली ठेवतो. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये एरवी एक पांढरी रेघ असते. तिथे काळी पट्टी दिसली तर ते रक्त. मग डावीकडे प्लीहेपाशी, मग ओटीपोटात, मग हृदयाभोवती. शेवटी छातीच्या दोन्ही बाजूंना: फुप्फुसाचं आवरण श्वासागणिक सरकताना दिसायला हवं, ते स्तब्ध असेल तर छातीत हवा शिरली असण्याचा दाट संशय. सराव झालेल्या हाताला एवढ्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेच्या मते अशी एकेक तपासणी जमायला देखरेखीखाली २५ ते ५० वेळा करावी लागते. फेलो त्याच्या कितीतरी पुढे जातो, कारण त्याला दुसऱ्यांच्या चुका दुरून ओळखायच्या असतात.

भारतात या कौशल्याच्या वाटेत एक कायदा उभा आहे, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्राने केलेली आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८मध्ये आपल्या राज्याने केला. केंद्राचा १९९४मध्ये आला. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीन नोंदवावं लागतं, ते कोण हाताळणार याची नावं द्यावी लागतात आणि पोर्टेबल मशीन नोंदवलेल्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत. साहजिकच, १०८च्या गाडीत हातात मावणारं मशीन ठेवण्याचा विषय निघाला की सगळे गप्प होतात. काही डॉक्टर या कायद्याला शिव्या देतात. मला ते पटत नाही. मुलींच्या घटलेल्या संख्येचे आकडे ज्याने पाहिलेत त्याने तरी देऊ नयेत. पण मोडलेल्या बरगडीवर प्रोब ठेवणारा आणि गर्भाचं लिंग सांगणारा यांत फरक करणारी सुटसुटीत नोंदणी करता येणार नाही, असंही नाही. तोवर सोनोग्राफीच्या फेलोने प्रोबबरोबर नियमावलीही वाचावी.

मुलांबद्दल थोडक्यात. लहान मुलाचं औषध वजनावर ठरतं आणि आकडी आलेल्या मुलाला काट्यावर कोण उभं करणार? जेम्स ब्रोसेलो या अमेरिकन डॉक्टरने त्यासाठी रंगीत पट्टी काढली; मुलाच्या शेजारी ती पसरायची, उंचीवरून वजन आणि मात्रा दोन्ही कळतात. २००८मध्ये छापल्या गेलेल्या एका अभ्यासात ती भारतीय मुलांवर ताडून पाहिली, तेव्हा दहा किलोच्या वरच्या मुलांचं वजन ती सुमारे दहा टक्क्यांनी जास्त दाखवत होती. आपली मुलं त्या उंचीला हडकुळी. बालआपत्कालीन फेलोशिपमध्ये असल्या बारकाव्यांवर दिवस जातात. शिवाय घाबरलेल्या आजीला खोलीबाहेर न काढता काम कसं करायचं, यावरही.

मोठ्या दुर्घटना आणि मोठी गर्दी हा या शाखेतला आणखी एक कोपरा, आणि मोशीच्या भोवती दोन्ही आहेत. ८ डिसेंबर २०२३ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. सहा जणांचा जागीच मृत्यू झाला, पुढच्या दिवसांत आकडा वाढत गेला; काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. १५ जून २०२५ला इंद्रायणीवरचाच कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. आगीच्या वेळी भाजलेली माणसं पहिल्या तासात अनेकदा चालत येतात, बोलतात, पाणी मागतात. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. शांत बसलेल्या बाईच्या नाकातले केस जळालेत आणि आवाज घोगरा झालाय, हे ज्याला दिसतं त्याला कळतं की अर्ध्या तासात तिचा घसा आतून सुजेल आणि मग नळी घालणं जमणार नाही. लाल, पिवळा, हिरवा, काळा अशा पट्ट्या बांधायला कोणालाही शिकवता येतं. लाल पट्टी शांत माणसाला बांधायचं धाडस सरावाने येतं. म्हणून आपत्ती-वैद्यकाच्या प्रशिक्षणात खोटी जखम रंगवलेले स्वयंसेवक घेऊन पुन्हा पुन्हा कवायत करतात.

आणि दरवर्षी तारीख आधीच ठाऊक असलेली कवायत तर आपल्या दारात आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून माउलींची. देहू-आळंदी रस्ता मोशीवरून जातो. लाखो माणसं, त्यात साठीच्या पुढची किती तरी, मधुमेहाची गोळी पिशवीत तळाशी गेलेली, अनवाणी, उन्हात आणि मग एकदम पावसात. हजच्या गर्दीवर उष्माघाताचे निबंध जगभर वाचले जातात. वारीवर आपल्या डॉक्टरांनी तितकं सविस्तर लिहायला हवं: कोणत्या टप्प्यावर कोणते रुग्ण वाढतात, फिरत्या दवाखान्यांत मीठ-साखरेच्या पाण्याने किती जण सावरतात आणि किती जणांना खरोखर रुग्णालयात हलवावं लागतं. एखाद्या फेलोला वर्षाचा संशोधन-प्रकल्प म्हणून याहून चांगला विषय मी सुचवू शकत नाही.

एवढं सगळं असताना विद्यार्थी बिचकतात ते मान्यतेपाशी. इथली वाट जरा गुंत्याची आहे. एमडी इमर्जन्सी मेडिसिन झालेल्याला नीट-एसएस देऊन डीएम क्रिटिकल केअरला जाता येतं. तीन वर्षं, पूर्ण सरकारी मान्यता. पण ते अतिदक्षता विभागाचं शिक्षण; पुष्कळ जण त्या वाटेने जातात ते इमर्जन्सीचं दार सोडूनच. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या एफएनबी फेलोशिप वेगळ्या प्रवेश परीक्षेतून मिळतात आणि त्यांनाही वजन आहे. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ निरनिराळ्या विषयांत बहुधा एका वर्षाच्या फेलोशिप चालवतं. याखेरीज खासगी रुग्णालयं आणि व्यावसायिक संघटना आपापल्या फेलोशिप देतात. सोनोग्राफी, मुलांची इमर्जन्सी, ट्रॉमा, विषशास्त्र या विषयांत अशाच जास्त. त्या केल्या तरी वैद्यक परिषदेच्या नोंदणीत आपोआप नवी पदवी चढत नाही. पाटीवर तिचं नाव लावायच्या आधी नियम पाहावे लागतात.

काही ठिकाणी तर फेलोशिप म्हणजे कमी पगारात रात्रपाळ्या भरून काढायची सोय असते. हे डॉक्टरांच्या चहाच्या टेबलावर सगळे बोलतात, माहितीपत्रकात कोणी छापत नाही. म्हणून निवड करताना प्रमाणपत्रावरच्या नावापेक्षा काही साध्या गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षीचा फेलो आज कुठे काम करतोय, आणि त्याच्याशी फोनवर बोलता येईल का? रात्री दोन वाजता वरिष्ठ प्रत्यक्ष असतात की व्हॉट्सॲपवर? किती केसेस देखरेखीखाली केल्या त्याची वही ठेवतात का, आणि ती वही कोण तपासतं? रुग्ण दगावल्यावर त्यावर बैठक होते का, आणि त्या बैठकीत सर्वांत धाकटा डॉक्टर तोंड उघडू शकतो का? रात्रीच्या वरिष्ठाबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा अडखळला, तर बाकीचे विचारायची गरज नाही.

खरी अडचण त्याच्याही पुढे आहे. वर्षभर विषशास्त्र शिकून आलेल्या डॉक्टरला या पट्ट्यात त्या कामाचं पद कोण देणार? महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांच्या आकृतिबंधात भूलतज्ज्ञ, सर्जन, बालरोगतज्ज्ञ अशी पदं ठरलेली असतात. ‘रुग्णवाहिका सेवेचा वैद्यकीय संचालक’ असं पद शोधायला गेलं तर सापडणं कठीण. मग ती व्यक्ती पुन्हा सर्वसाधारण इमर्जन्सी सल्लागार म्हणून रुजू होते आणि शिकलेलं तसंच राहून जातं, किंवा परदेशी परीक्षांच्या मागे लागते. कारखानदारांच्या संघटनांनी ठरवलं तर यातलं एक पद त्या उभं करू शकतात: भोसरी, चाकण आणि तळवडे मिळून एक विषबाधा-तज्ज्ञ, ज्याचा फोन चोवीस तास चालू, ज्याच्याकडे प्रत्येक शेडमधल्या रसायनांची यादी आणि ज्याच्या कपाटात कॅल्शियम ग्लुकोनेटच्या नळ्या. एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या सुरक्षा सप्ताहातल्या बॅनर, टोप्या आणि भाषणांवर जेवढा पैसा जातो, तेवढ्यात त्या नळ्यांचा पट्टाभरचा साठा बहुधा सहज बसेल. पगाराचं गणित वेगळं. ते दहा-वीस कंपन्यांनी वाटून घ्यायचं.